‘ओन्ली’ नेमका कुठे ठेवायचा? ‘च’ची सवय असलेल्यांसाठी

ऑफिसातून गेलेल्या ईमेलमधलं हे एक वाक्य बघा : “आय सेंट द फाइल ओन्ली ऑन मंडे.” लिहिणाऱ्याच्या मनात होतं, ‘फाइल मी सोमवारीच पाठवली होती.’ म्हणजे माझ्याकडून उशीर नाही, काम तेव्हाच हातावेगळं केलं होतं. लंडनमधल्या किंवा टोरांटोमधल्या सहकाऱ्याने ते वाचलं तेव्हा त्याला कळलं ते असं : ‘फाइल पाठवायला मला सोमवार उजाडला.’ स्वतःची बाजू मांडायला लिहिलेल्या वाक्याने चक्क कबुली देऊन टाकली.

‘ओन्ली’ आपल्याला शाळेत दुसरी-तिसरीत भेटतो, त्याचा अर्थ ‘फक्त’ असं वहीत लिहून होतं आणि पुढे त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. अडचण ‘फक्त’ची नाहीच. मराठीत आपण ‘फक्त’ कमी वापरतो आणि ‘च’ उठताबसता वापरतो. इंग्रजी बोलताना प्रत्येक ‘च’च्या जागी ‘ओन्ली’ ठेवला जातो. मराठी ‘च’ची कामं अनेक आहेत, ‘ओन्ली’ त्यातलं एकच नीट करतो. म्हणून हा सगळा विषय दोन प्रश्नांत मावतो. माझा ‘च’ मर्यादा घालतोय की जोर देतोय? आणि मर्यादा घालत असेल, तर नेमकी कोणत्या शब्दावर?

शब्दाचं मूळ जाता जाता सांगतो, कारण पुढे ते उपयोगी पडतं. जुन्या इंग्रजीत ‘एक’ला जोडून ‘-सारखा’ अशा अर्थाचा प्रत्यय लागला आणि ‘एकटा, एकमेव’ अशा अर्थाचा शब्द तयार झाला. तोच आजचा ‘ओन्ली’. ‘अलोन’ आणि ‘लोन्ली’ याच घरातले. सगळ्यांच्या पोटात ‘वन’ बसलेला आहे.

पहिली पायरी : ‘च’ची जात ओळखा

कसोटी सोपी आहे. वाक्यातला ‘च’ काढा आणि त्या शब्दाआधी ‘फक्त’ घालून वाक्य मोठ्याने म्हणा.

‘मी दोनशेच रुपये दिले’ याचं ‘मी फक्त दोनशे रुपये दिले’ होतं. अर्थ टिकला, म्हणजे इंग्रजीत ‘ओन्ली’ चालेल. आता ‘तो असाच आहे’ घ्या. ‘तो फक्त असा आहे’ असं कुणी म्हणत नाही. इथे ‘च’ मर्यादा घालत नाही, ठासून सांगतो. तेव्हा “ही इज लाइक धिस ओन्ली” हे मराठी वाक्य आहे, फक्त शब्द इंग्रजी आहेत.

जोर देणाऱ्या ‘च’साठी इंग्रजीत एक ठरलेला शब्द नाही, दर वेळी वेगळी सोय करावी लागते. रोजची काही वाक्यं आणि त्यांची चालणारी रूपं :

‘मी इथेच आहे’ – “आय ॲम राइट हिअर.”

‘तो असाच आहे’ – “दॅट्स जस्ट हाऊ ही इज.”

‘मला हेच हवं होतं’ – “धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉन्टेड.”

‘तूच म्हणालास ना?’ – “यू सेड सो युअरसेल्फ!” किंवा “यू वेअर द वन हू सेड इट.”

‘त्याच दिवशी’ – “दॅट व्हेरी डे.”

‘आलोच’ – “आय विल बी राइट देअर.”

‘मी येणारच’ – “आय ॲम कमिंग, नो मॅटर व्हॉट.”

शेवटच्या दोन वाक्यांत ‘च’ क्रियापदाला चिकटला आहे. तिथे कसोटीचीही गरज नाही. क्रियापदाच्या शेपटीचा ‘च’ जवळजवळ नेहमी जोराचाच असतो, त्याचा ‘ओन्ली’ करूच नका. क्रियापदावर खरोखर मर्यादा घालायची असते तेव्हा आपण मराठीत ‘नुसता’ वापरतो : ‘तो नुसता बोलतो, करत काही नाही.’ हा ‘नुसता’ मात्र इंग्रजीत ‘ओन्ली’ होतो : “ही ओन्ली टॉक्स.”

गंमत म्हणजे ‘खरंच’चं ‘ट्रू ओन्ली’ आजवर कुणी केलेलं नाही, तिथे सगळे मुकाट्याने ‘रिअली’ म्हणतात. म्हणजे जिथे लहानपणापासून जोडी पाठ आहे, तिथे चूक होत नाही. बाकीच्या जोड्याही तशाच पाठ करायच्या.

आणि हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. हिंदीतला ‘ही’, तमिळमधला ‘तान’ हेही शब्दामागे येऊन जोर देतात. त्यामुळे “देअर ओन्ली”, “टुडे ओन्ली” ही वाक्यं दिल्लीपासून चेन्नईपर्यंत ऐकू येतात आणि भारतीय इंग्रजीचं ते एक ओळखचिन्ह झालं आहे. माझं मत विचाराल तर आपापसात बोलताना त्याची लाज बाळगायचं कारण नाही, ऐकणाऱ्याला ते कळतं. पण वाचणारा भारताबाहेरचा असेल, किंवा कागद सहीशिक्क्याचा असेल, तर हा ‘ओन्ली’ बाजूला ठेवा. तिथे प्रश्न शुद्धतेचा नसतो, गैरसमजाचा असतो.

दुसरी पायरी : वेळ-वाराच्या आधी थांबा

सुरुवातीची ईमेल इथली आहे आणि सगळ्यात महाग पडणारी चूकही इथलीच, म्हणून जरा सावकाश जाऊ.

‘ओन्ली’ एक मोजपट्टी धरून बोलतो. ‘अपेक्षेपेक्षा कमी, याच्या पलीकडे नाही’ असं तो सांगतो. वाक्य भूतकाळातलं असेल, घटना एकदाच घडलेली असेल आणि ‘ओन्ली’पुढे ठरावीक वार किंवा तारीख असेल, तर ‘त्याच्या आधी नाही’ असा अर्थ निघतो. म्हणजे उशीर. “शी रिप्लाइड ओन्ली ऑन थर्सडे” याचा अर्थ ‘उत्तर द्यायला तिला गुरुवार उजाडला.’ मराठी ‘गुरुवारीच’ बहुतेक वेळा उलट्या दिशेला जातो : तिने गुरुवारीच उत्तर दिलं होतं, तुम्ही पाहिलं नाही.

‘च’चा हा ‘केव्हाच, लवकर’ अर्थ इंग्रजीत नेण्यासाठी ‘ऑलरेडी’ किंवा ‘ॲज अर्ली ॲज’ घ्या. “आय हॅड ऑलरेडी सेंट द फाइल ऑन मंडे.” बोलण्यात “आय सेंट इट बॅक ऑन मंडे” हेही चालतं, त्यातला ‘बॅक’ म्हणजे ‘तेव्हाच, मागेच’. ‘ऑन मंडे इटसेल्फ’ आपल्याकडे सर्रास चालतं आणि निदान उलटा अर्थ तरी देत नाही. पण तेही भारतीयच वळण आहे, हे ठाऊक असू द्या.

आता घटना एकदाची नसून नेहमीची असेल, तर उशिराचा अर्थ गळून पडतो. “द क्लिनिक इज ओपन ओन्ली ऑन मंडेज” म्हणजे दवाखाना सोमवारीच उघडा असतो, इतर वारी बंद. इथे ‘च’ आणि ‘ओन्ली’ यांचं बरोबर जमतं.

आजपासून मागे मोजत गेलं की अर्थ पुन्हा बदलतो. “ही केम ओन्ली यस्टरडे”, “ओन्ली टेन मिनिट्स अगो” यांत मोजलं जातं ते मधलं अंतर, आणि ते थोडं आहे असं ‘ओन्ली’ सांगतो. ‘तो कालच आलाय’ आणि “ही केम ओन्ली यस्टरडे” म्हणूनच नेमके जुळतात. या जुळणीमुळेच आपण फसतो. ‘कालच’ला ‘ओन्ली’ चालला, तर ‘सोमवारीच’ला का नाही, असं वाटत राहतं.

घड्याळाच्या बाबतीत मराठीत ‘आत्ता कुठे’ आहे. “इट्स ओन्ली नाइन” – ‘आत्ता कुठे नऊ वाजलेत.’ “आय ॲम ओन्ली नाऊ बिगिनिंग टू अंडरस्टँड” – ‘मला आत्ता कुठे समजायला लागलंय.’ हा ‘कुठे’ लक्षात ठेवा, चौथ्या पायरीवर तो पुन्हा कामाला येणार आहे. आणि ‘ओन्ली’ला ‘जस्ट’ जोडला की जेमतेमपणा येतो : “ही ओन्ली जस्ट पास्ड” म्हणजे काठावर पास झाला.

तिसरी पायरी : ज्याला धरायचं त्याच्या शेजारी

मराठीत ‘च’ शब्दालाच चिकटतो, त्यामुळे कोणाला धरलंय हे विचारावं लागत नाही. इंग्रजी ‘ओन्ली’ सुटा असतो आणि वाक्यात कुठेही जाऊन उभा राहतो. एक वाक्य घेऊन त्याला फिरवून बघू : “सुनीता लेंट हर कझिन टू हंड्रेड रुपीज ऑन फ्रायडे.” सुनीताने शुक्रवारी चुलतभावाला दोनशे रुपये उसने दिले.

“ओन्ली सुनीता लेंट…” – सुनीतानेच दिले, बाकीच्यांनी हात वर केले.

“सुनीता लेंट ओन्ली हर कझिन…” – चुलतभावालाच दिले. मागणारे आणखीही होते.

“सुनीता लेंट हर ओन्ली कझिन…” – तिला चुलतभाऊ एकच आहे. शब्द एकच घर पुढे सरकला आणि घरातली माणसं कमी झाली.

“…ओन्ली टू हंड्रेड रुपीज…” – दोनशेच दिले, त्याने बहुधा जास्त मागितले असावेत. वर्तमानपत्री मराठीत हा ‘ओन्ली’ म्हणजे ‘अवघे’. याच्या उलट ‘तब्बल’, त्यासाठी इंग्रजीत ‘ॲज मेनी ॲज’ किंवा ‘ॲज मच ॲज’.

“…ओन्ली ऑन फ्रायडे” – द्यायला शुक्रवार उजाडला.

“सुनीता ओन्ली लेंट…” – काटेकोरपणे वाचलं तर ‘उसनेच दिले, देऊन टाकले नाहीत.’ पण प्रत्यक्षात या जागेवरचा ‘ओन्ली’ वरचे जवळजवळ सगळे अर्थ देऊ शकतो.

लिहिताना साधा नियम : ज्या शब्दाला किंवा शब्दगटाला मर्यादा घालायची, त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवा. पाट्यांवर मात्र तो मागे जातो. लोकलच्या डब्यावर मराठीत ‘फक्त महिलांसाठी’ असं ‘फक्त’ पुढे असतं, इंग्रजीत “लेडीज ओन्ली”. “स्टाफ ओन्ली”, “मेंबर्स ओन्ली” ही त्याच जातीची. “गॉड ओन्ली नोज” या वाक्प्रचारातही तो नामाच्या मागे उभा आहे, अगदी आपल्या ‘देवच जाणे’सारखा. अशी ठरलेली रूपं सोडली तर मागे ठेवायच्या मोहात पडू नका.

नियमाची खरी किंमत करारनाम्यात कळते. मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्सचा करार होतो. त्यात गच्चीबद्दल एक कलम आहे असं समजा : “द लायसन्सी शॅल यूज द टेरेस फॉर ड्राइंग क्लोद्स.” ‘ओन्ली’ जर ‘फॉर ड्राइंग क्लोद्स’च्या आधी आला, तर गच्चीवर कपडेच वाळत घालायचे, पापड नाहीत आणि वाढदिवसही नाही. ‘द टेरेस’च्या आधी आला, तर कपडे गच्चीवरच वाळवायचे, खिडकीबाहेर दोरी बांधायची नाही, पण गच्चीवर आणखी काय करायचं यावर बंधन नाही. आणि ‘द लायसन्सी’च्या आधी आला, तर कपडे वाळवायला गच्ची त्या भाडेकरूलाच, शेजाऱ्यांना नाही. तीन वेगळी भांडणं, एकाच शब्दाच्या जागेवरून. सही करण्याआधी करारातला प्रत्येक ‘ओन्ली’ बोटाने दाखवून विचारा, ‘हा कोणाला धरतो?’

मराठी मसुदा इंग्रजीत जात असेल तर काम सोपं आहे. मराठीत ‘च’ कुठे आहे ते बघायचं आणि त्या शब्दाचा इंग्रजी जोडीदार शोधून त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ नेऊन ठेवायचा. मराठी ‘फक्त’ मात्र बेभरवशाचा, तो इंग्रजीसारखाच वाक्यात भटकतो. मूळ मसुद्यातच ‘फक्त’ काढून ‘च’ किंवा ‘पुरता’ वापरायला लावला तर निम्मे वाद होणारच नाहीत. ‘गच्ची कपडे वाळवण्यापुरतीच वापरावी’ या वाक्यात शंकेला जागा नाही.

मग इंग्रज माणूस “आय ओन्ली वॉन्टेड अ कप ऑफ टी” असं का म्हणतो? त्याच्या नियमाने तर ‘ओन्ली’ चहाच्या कपाच्या आधी यायला हवा. उत्तर आवाजात आहे. बोलताना इंग्रजीत ‘ओन्ली’ची नैसर्गिक जागा क्रियापदाच्या आधी असते; ‘इज’, ‘ॲम’, ‘वॉज’ असतील तर त्यांच्यानंतर आणि ‘हॅव’, ‘कॅन’ यांसारखं सहायक क्रियापद असेल तर त्या सहायकानंतर. कोणाला धरायचं ते आघात ठरवतो. ‘टी’वर जोर दिला की चहाच हवा होता, ‘कप’वर दिला की किटलीभर नको होता. आपण जे काम ‘च’ लावून करतो ते इंग्रज आवाज चढवून करतात.

यावर इंग्रजी व्याकरणकारांत बरंच रण माजलेलं आहे. हेन्री फाउलरने 1926 सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या वादाची दखल घेतली. “ही ओन्ली डाइड अ वीक अगो” हे त्याचं उदाहरण. काटेकोर मंडळी म्हणत, ‘ओन्ली’ आठवड्याच्या आधी न्या, नाहीतर ‘तो नुसता मेला’ असा अर्थ होईल. फाउलरचं म्हणणं असं, की असं कुणीही वाचत नाही, अर्थाला धोका नसेल तर बोलीतली सहज जागा राहू द्या. मला ते पटतं. गप्पांत, निरोपात, कथेत क्रियापदाआधीचा ‘ओन्ली’ बिनधास्त वापरा. करार, नोटीस, अर्ज, शोधनिबंध यांना आवाज नसतो, तिथे तो हलवून योग्य शब्दाशेजारी आणा.

उच्चाराचं एक. महाराष्ट्रात ‘वन्ली’ असा उच्चार बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. सुरुवातीला ‘व’ नाही. ‘ओ’ किंचित लांबवून ‘उ’कडे झुकवला की झालं.

चौथी पायरी : वाक्याच्या तोंडी आला तर

“ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.” यातला ‘डिड’ आधी का आला, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. नियम असा : वाक्याची सुरुवात ‘ओन्ली’ने झाली आणि त्याच्यापुढे वेळ, स्थळ, रीत किंवा अट सांगणारा भाग आला, तर मुख्य वाक्य प्रश्नार्थक वाक्याच्या क्रमाने येतं. “ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड डिड वुई लीव्ह.” “ओन्ली इन धिस शॉप कॅन यू गेट इट.”

लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. उलटापालट मुख्य वाक्याची होते, ‘आफ्टर’ किंवा ‘व्हेन’च्या पोटातल्या वाक्याची नाही. आणि ‘ओन्ली’ने कर्त्याला धरलं असेल तर काहीच उलटत नाही : “ओन्ली सुनीता नोज.”

मराठीतून येताना हा ‘ओन्ली’ ओळखायची खूण म्हणजे मघाचा ‘कुठे’. ‘तेव्हा कुठे त्याने ऐकलं’ – “ओन्ली देन डिड ही लिसन.” ‘तीन पत्रं लिहिली तेव्हा कुठे उत्तर आलं’ – “ओन्ली आफ्टर आय हॅड रिटन थ्री लेटर्स डिड आय गेट अ रिप्लाय.” मराठीतली ती दमलेली, वैतागलेली छटा इंग्रजीत या उलट्या क्रमातून येते.

‘नॉट ओन्ली’ तोंडी आला तरी हाच क्रम : “नॉट ओन्ली डिड ही कम लेट, बट ही ऑल्सो फरगॉट द कीज.” वाक्याच्या मध्ये असेल तर तोल सांभाळा. “ही नॉट ओन्ली प्लेज क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल” हे वाक्य लंगडं आहे, कारण ‘नॉट ओन्ली’पुढे क्रियापद आलं आणि ‘बट ऑल्सो’पुढे नाम. “ही प्लेज नॉट ओन्ली क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल” म्हटलं की दोन्हीकडे नामं आली. दोन कर्ते असतील तर क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं.

पाचवी पायरी : ‘ॲन’ आणि ‘द’

लग्नाच्या बायोडेटात “ही इज ओन्ली सन” असं लिहिलेलं असतं. इथे उपपद गाळून चालत नाही, कारण तीन वेगळी वाक्यं एकमेकांना खेटून उभी आहेत.

“ही इज ॲन ओन्ली चाइल्ड” – एकुलता एक आहे, भावंडं नाहीत.

“ही इज ओन्ली अ चाइल्ड” – अजून लहान आहे, सोडून द्या.

“ही इज द ओन्ली चाइल्ड हिअर” – इथे जमलेल्यांत मूल तेवढं एकच.

‘द ओन्ली’नंतर अनेकवचनही चालतं : “दे आर द ओन्ली पीपल हू केम.” परीक्षेत विचारलं जाणारं आणखी एक टोक असं. “शी इज वन ऑफ द टीचर्स हू लिव्ह इन द व्हिलेज” इथे ‘हू’ शिक्षकांकडे बघतो, म्हणून ‘लिव्ह’. “शी इज द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू लिव्ज इन द व्हिलेज” इथे तो त्या एकटीकडे बघतो, म्हणून ‘लिव्ज’.

‘तर’, ‘तरच’ आणि नुसती हळहळ

या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा नेटकी आहे. ‘इफ’ म्हणजे ‘तर’, ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. गणिताच्या पुस्तकातलं ‘जर आणि तरच’ हे “इफ अँड ओन्ली इफ”चं नेमकं रूप आहे. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला इंग्रजीत आलेल्या मुलांनी हा ‘च’ मनात धरला, तर पुढचा गोंधळ टळेल. ‘संख्येला 4 ने नि:शेष भाग जातो, ओन्ली इफ ती सम असेल’ हे विधान खरं आहे. त्यावरून ‘सम असली की 4 ने भाग जाईलच’ असं निघत नाही, 6 बघा. सम असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही. नोकरीच्या जाहिरातीतलं “ओन्ली ग्रॅज्युएट्स कॅन अप्लाय” तसंच : पदवी नसेल तर अर्जच नाही, पदवी असेल तर नोकरी मिळेलच असं नाही.

हेच दोन शब्द उलटे ठेवले की “इफ ओन्ली” होतो आणि अटीची जागा हळहळ घेते. “इफ ओन्ली आय हॅड नोन!” – ‘मला आधी कळलं असतं तर!’ मराठीत आपण वाक्य ‘तर’वर अर्धवट सोडतो, इंग्रजीतही “इफ ओन्ली”चं वाक्य बहुधा असंच अर्धं राहतं. आत्ताच्या गोष्टीची हळहळ असेल तर साधा भूतकाळ, होऊन गेलेल्या गोष्टीची असेल तर ‘हॅड’चं रूप.

असाच फसवा वापर आणखी तीन ठिकाणी. “आय ॲम ओन्ली टू हॅपी टू हेल्प” यात ‘फक्त’ शोधू नका, अर्थ आहे ‘अगदी आनंदाने’. “ओन्ली टू अवेअर” म्हणजे ‘चांगलंच ठाऊक’. दुसरं, “वुई रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड दॅट द लास्ट लोकल हॅड लेफ्ट.” हे हेतू सांगत नाही, फजिती सांगतं : ‘धावतपळत स्टेशन गाठलं, तर शेवटची लोकल गेलेली.’ पुन्हा आपला ‘तर’ कामाला आला. तिसरं, बोलण्यातलं : “आय वुड लेंड यू द बाइक, ओन्ली इट्स ॲट द गॅरेज.” हा ‘ओन्ली’ म्हणजे ‘पण’ किंवा ‘एवढंच की’. औपचारिक लिखाणात तो नको.

परीक्षेपुरतं आणि बँकेपुरतं

शालेय व्याकरणात ‘ओन्ली’ काढून नकारात्मक वाक्य करायला सांगतात. माणसांसाठी ‘नन बट’ : “ओन्ली अ डॉक्टर कॅन साइन धिस”चं “नन बट अ डॉक्टर कॅन साइन धिस”. वस्तूंसाठी ‘नथिंग बट’ : “ही एट ओन्ली राइस”चं “ही एट नथिंग बट राइस”. संख्येसाठी गाइडं ‘नॉट मोर दॅन’ देतात. गुण मिळतील, पण अर्थ तंतोतंत जुळत नाही. ‘नॉट मोर दॅन टू हंड्रेड’ म्हणजे जास्तीत जास्त दोनशे, दीडशेही असू शकतात. ‘ओन्ली टू हंड्रेड’च्या जवळ जातो तो ‘नो मोर दॅन’.

स्पर्धा परीक्षांत ‘ओन्ली’ पर्यायांत बसलेला असतो. ‘1 ओन्ली’ हा पर्याय, विधान 1 बरोबर आहे एवढ्यावर बरोबर ठरत नाही, 2 चूक असल्याची खात्रीही हवी. आणि 2023च्या यूपीएससी पूर्व परीक्षेत ‘वरीलपैकी किती विधानं बरोबर’ असे बरेच प्रश्न आले, पर्याय ‘ओन्ली वन’, ‘ओन्ली टू’ असे. ‘2 ओन्ली’ म्हणजे दुसरं विधान तेवढं बरोबर, ‘ओन्ली टू’ म्हणजे कोणतीही दोनच बरोबर. घाईत वाचणाऱ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात.

चेकवर अक्षरी रकमेनंतर ‘ओन्ली’ किंवा ‘फक्त’ लिहितो ते रकमेला कुंपण घालायला. “फाइव्ह थाउजंड”नंतर जागा मोकळी सोडली, तर कुणीही पुढे “नाइन हंड्रेड” चिकटवू शकतो. म्हणून ‘ओन्ली’ रकमेला खेटून लिहा आणि उरलेल्या जागेत रेघ ओढा.

करून बघा

आधी स्वतः इंग्रजीत न्या, मग खाली बघा.

1. माझ्याकडे एकच चावी आहे.
2. तो नुसता हसला.
3. मी जाणारच.
4. तिकीट असेल तरच आत सोडतात.
5. बाबा रागावले तेव्हा कुठे टीव्ही बंद झाला.
6. आम्ही इथेच जेवतो.
7. मी तुला कालच सांगितलं होतं.

पहिलं : “आय हॅव ओन्ली वन की.” ‘हीच एक चावी आहे’ असं असतं, तर “धिस इज द ओन्ली की.” दुसरं : “ही ओन्ली स्माइल्ड”, बोलताना “ही जस्ट स्माइल्ड”. तिसऱ्यात ‘ओन्ली’ नाहीच : “आय ॲम गोइंग, अँड दॅट्स दॅट.” चौथं : “दे लेट यू इन ओन्ली इफ यू हॅव अ टिकिट.” पाचवं : “ओन्ली व्हेन बाबा गॉट अँग्री डिड द टीव्ही गो ऑफ.”

सहावं मुद्दाम दिलंय. ‘फक्त इथे जेवतो’ असं म्हणून बघा, वाक्य टिकतं आणि टिकतही नाही. रोज याच खाणावळीत जेवतो, दुसरीकडे जात नाही, असं म्हणायचं असेल तर “वुई ईट ओन्ली हिअर.” पानं मांडलेली आहेत आणि पाहुण्यांना ‘आत कशाला, इथेच जेवतो’ असं म्हणायचं असेल तर “वुई विल ईट राइट हिअर.”

सातव्याचंही तसंच. ‘काल तर सांगितलं, इतक्यात विसरलास?’ असा सूर असेल, तर “आय टोल्ड यू ओन्ली यस्टरडे.” ‘मी उशीर केला नाही, काल सांगून मोकळा झालो होतो’ असं म्हणायचं असेल, तर “आय हॅड ऑलरेडी टोल्ड यू यस्टरडे.”